सुरतेत गुडघ्याला तेल, लेप, जानुबस्ती : किती पैसे लागतात, कुठे थांबायचं

उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा. या भागातल्या मराठी घरात पन्नाशीपुढचं कोणी असेल, तर कपाटात गुडघ्याच्या तेलाची एखादी अर्धी बाटली सापडतेच. ती संपायच्या आत शेजारीण नवं नाव सांगते आणि दुसरी बाटली येते. एकेक बाटली दोन-तीनशेची, त्यामुळे वर्षाचा हिशेब कोणी मांडत नाही. तो इथे मांडू.

मुद्दा आधीच सांगतो. झिजलेला गुडघा तेलाने भरून येत नाही. दुखणं आणि आखडणं काही जणांचं काही प्रमाणात कमी होतं. तेवढ्यासाठी पहिल्या तीन आठवड्यांत ६०० रुपयांच्या वर जायची गरज नाही. त्याहून जास्त कोणी मागत असेल, तर तुम्ही प्रश्न विचारायला सुरुवात करा.

आधी खात्री : झीजच आहे ना?

वय ४५ च्या पुढे. चालताना, जिना चढताना, उकिडवं बसून उठताना दुखतं. सकाळचं आखडणं अर्ध्या तासाच्या आत सुटतं. एवढं जुळत असेल तर ब्रिटनमधल्या ‘नाइस’ या आरोग्य संस्थेच्या सूचनांनुसार झीज ओळखायला एक्स-रेचीही गरज नसते. म्हणून पहिल्याच भेटीत कोणी एमआरआय लिहून दिला, तर ‘कशासाठी?’ असं सरळ विचारा. काही हजार रुपये वाचू शकतात.

पण पुढचं काही असेल तर तेल बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा : गुडघा लाल, गरम आणि सोबत ताप, पडल्यावर पाय टेकवता येत नाही, गुडघा मध्येच अडकतो, सरळ होत नाही, पोटरी एकाच बाजूला सुजली आणि दुखते. शेवटच्या लक्षणात मालिश तर अजिबात करू नका. ती शिरेतली रक्ताची गाठ असू शकते. आणि सकाळचं आखडणं तासभर टिकत असेल, बोटांचे सांधेही सुजत असतील, तर तो वेगळा संधिवात असू शकतो. त्याला वेळेवर गोळ्या लागतात. मालिश करत बसलात तर सांधे वाकडे होऊ शकतात.

कुठे जायचं, काय न्यायचं

अस्थिरोगाच्या ओपीडीसाठी स्वस्तातल्या जागा दोन : मजुरा गेटचं न्यू सिव्हिल हॉस्पिटल आणि महापालिकेचं स्मीमेर हॉस्पिटल. लिंबायतच्या लोकांना उमरवाड्याचं स्मीमेर जवळ पडतं. दोन्हीकडे केस पेपर नाममात्र पैशांत निघतो. खर्च होतो तो वेळेचा. सकाळी लवकर पोचा. रोजंदारीवर असाल तर त्या दिवसाची हजेरी गेली असंच धरा.

आयुर्वेदाचा सल्ला हवा असेल तर सुरतेत ओ. एच. नाझर आयुर्वेद कॉलेज आहे. कॉलेजला जोडलेल्या ओपीडीत शिकाऊ वैद्य वरिष्ठांच्या देखरेखीखाली तपासतात. खासगी केंद्रात जाण्याआधी एकदा तिथला सल्ला घेऊन पाहावा. गुजरात सरकारचे आयुर्वेद दवाखानेही आहेत. तुमच्या वॉर्डाच्या अर्बन हेल्थ सेंटरवर जवळचा कोणता ते विचारा.

सोबत न्या : आधार कार्ड, जुना केस पेपर, आधीचे एक्स-रे असतील ते आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या. पट्ट्या सर्वांत महत्त्वाच्या. कारण पुढे येईलच.

पगारातून ईएसआय (कामगार विमा) कापला जात असेल, म्हणजे महिना पगार २१,००० रुपयांपर्यंत आणि कारखाना नोंदलेला असेल, तर ईएसआयच्या दवाखान्यातून तपासणी आणि औषधं मिळतात. बाहेर पैसे घालण्याआधी तुमचा आयपी नंबर, म्हणजे विमाधारक क्रमांक, चालू आहे का, ते पाहा.

आयुष्मान कार्डाबाबत गैरसमज नको. ते दवाखान्यात भरती झाल्यावर चालतं. तेल, मलम किंवा ओपीडीतली जानुबस्ती (गुडघ्यावर कोमट तेल धरून ठेवणं) त्यात बसत नाही. पुढे कधी सांधा बदलायची वेळ आली तर मात्र ते कामाचं. कार्ड जळगाव किंवा धुळ्याहून काढलेलं असेल तरी योजनेतल्या दवाखान्यात देशभर चालतं. सत्तरीपुढच्यांना उत्पन्नाची अट नसलेलं ‘आयुष्मान वय वंदना’ कार्ड ऑक्टोबर २०२४ पासून मिळतं. त्याला फक्त आधार लागतं. एजंटला पैसे देऊ नका.

तेल : बाटलीची किंमत पाहू नका, दिवसाची पाहा

दुकानात मिळणारी नेहमीची नावं अशी : महानारायण तेल, पंचगुण तेल, निर्गुंडी तेल, महाविषगर्भ तेल. १०० मिलीचा भाव कंपनीप्रमाणे साधारण १५० ते ३०० रुपये. एका गुडघ्याला एका वेळी चमचाभर, म्हणजे ५ मिली तेल पुरतं. दोन गुडघे, दिवसातून एकदा : रोज १० मिली. १०० मिलीची बाटली दहा दिवस, तीन आठवड्यांना साधारण दोन बाटल्या. खर्च ३०० ते ६०० रुपये.

हाच हिशेब टीव्हीवरच्या किंवा फोनवरच्या ‘जॉइंट किट’ला लावा. दीड-दोन हजारांच्या किटमध्ये तेलाची बाटली बहुतेक वेळा ५० किंवा १०० मिलीचीच असते. उरलेले पैसे डबा, जाहिरात आणि सोबतच्या कॅप्सूलचे. मिलीमागे किती पडतं ते काढा आणि मग ठरवा.

२२ सप्टेंबर २०२५ पासून आयुर्वेदिक औषधांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. जुन्या मालाच्या नावाखाली जुनाच भाव लावला जातोय का ते पाहा. एमआरपीत कर धरलेला असतो. ‘एमआरपी अधिक जीएसटी’ असं बिल कोणी केलं तर तिथेच थांबवा.

सुटं एरंडेल, सुकलेला निरगुडीचा पाला हे जुन्या शहरातल्या गांधीच्या, म्हणजे जडीबुटीच्या दुकानात मिळतं. तिथे एरंडेलाला ‘दिवेल’ आणि निरगुडीला ‘नगोड’ म्हणा, काम लवकर होतं. पन्नास-शंभर रुपयांत आठवड्याचं भागतं. मात्र कागदात गुंडाळलेल्या ‘खास मिश्रणा’चं तेल तिथून घेऊ नका. त्यात काय आहे हे ना तुम्हाला कळतं, ना चट्टा उठल्यावर डॉक्टरांना.

लेबलवर पाच गोष्टी

बाटली हातात घेतली की पाहा : ‘आयुर्वेदिक औषध’ असा उल्लेख, उत्पादन परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, तयार केल्याची आणि संपण्याची तारीख, घटकांची यादी. कंपनीचं नाव आणि पूर्ण पत्ताही हवा. परवाना क्रमांक नसेल तर ते औषध म्हणून विकताच येत नाही. मग दुकानदार कितीही ओळखीचा असो.

महाविषगर्भ तेलात बचनाग, धोतरा असे विषारी घटक असतात. अशा घटकांची कायद्यात वेगळी यादी आहे. हे तेल वैद्यांच्या सल्ल्यानेच वापरा. फुटलेल्या त्वचेवर, खरचटलेल्या जागी लावू नका. लावल्यावर हात साबणाने धुवा. मुलांच्या हाती लागणार नाही असं ठेवा.

बामाचं तसंच. मूव्हसारखे बाम आयुर्वेदिक परवान्यावर विकले जातात आणि त्यात गंधपुरा तेल असतं. गंधपुरा म्हणजे मिथाइल सॅलिसिलेट, अ‍ॅस्पिरिनच्या कुळातलं रसायन. अ‍ॅस्पिरिन चालत नसेल किंवा वॉरफरिनसारखी रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय असा बाम रोज चोळू नका. गोळीचा परिणाम वाढून रक्तस्राव होऊ शकतो. गोळ्यांच्या पट्ट्या न्या म्हटलं ते यासाठीच. आणि सुटं गंधपुरा तेल घरात ठेवूच नका. त्याचा एक चमचा पोटात गेला तर लहान मुलाच्या जिवावर बेततं.

काही जेलच्या ट्यूबवर पानं-फुलं असतात, जवसाचं तेल लिहिलेलं असतं आणि खाली बारीक अक्षरात डायक्लोफेनॅक. ते वनौषधी नाही, नेहमीचं वेदनाशामक आहे. वाईट नाही, उलट गुडघ्यासाठी त्याचा पुरावा जास्त भक्कम आहे. पण मूत्रपिंडाचा त्रास असेल किंवा वेदनाशामक गोळ्या चालू असतील तर विचारून घ्या.

घरचा लेप : काय चालेल, काय चालणार नाही

चालेल : निरगुडीचा पाला तव्यावर गरम करून फडक्यात बांधलेली पोटली, एरंडाचं पान थोडं तेल लावून कोमट करून बांधणं, साध्या तिळाच्या तेलाची हलकी मालिश. पंधरा-वीस मिनिटं पुरे. शेक आधी स्वतःच्या मनगटावर तपासा. मधुमेहाने पायाची जाणीव कमी झालेली असेल तर शेक दुसऱ्याच्या हाताने तपासून घ्या. भाजल्याचं कळत नाही आणि जखम महिनोन्महिने चालते.

चालणार नाही : बिब्बा. खानदेशात बिब्ब्याचा चटका देणारे अजून आहेत. तो त्वचा जाळतो. लसणाचा ठेचा रात्रभर बांधून ठेवल्यानेही फोड येतात. रुईचं पान लावताना चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला इजा होते. बाम चोळून वर गरम पाण्याची पिशवी ठेवू नका. घट्ट पट्टीही बांधू नका.

कोणतंही नवं तेल आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावा. एक दिवस थांबा. खाज, लाली, पुरळ आलं तर ती बाटली बंद. ‘रोग बाहेर पडतोय’ असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. ती अ‍ॅलर्जी आहे.

एक धोका कोणी सांगत नाही : तेलाचा पाय आणि टाइल्सची फरशी. गुडघा दुखतोय म्हणून तेल लावायचं आणि मोरीत घसरून खुबा मोडायचा, हे सर्वांत महाग पडतं. तेल बसून लावा, तळपाय पुसा, मगच उठा.

जानुबस्ती : पॅकेज घेण्याआधी

उडदाच्या पिठाची पाळ गुडघ्याभोवती बांधायची, त्यात कोमट तेल भरायचं, गार झालं की बदलायचं. एक बैठक अर्धा ते पाऊण तास. साधारण ७ ते १४ बैठका सांगतात. खासगी केंद्रात एका बैठकीला अंदाजे ४०० ते १,००० रुपये.

फोनवर सांगितलेला भाव आणि हातात आलेलं बिल यात फरक इथे पडतो : भाव एका गुडघ्याचा होता, दोन्हीचा नव्हता. तेल वेगळं. नंतरचा शेक वेगळा. वैद्यांची तपासणी फी वेगळी. पंधरा दिवसांची पोटात घ्यायची औषधं वेगळी, आणि तीही त्याच केंद्रातून. म्हणून पैसे भरण्याआधी कागदावर लिहून घ्या : किती बैठका, एक गुडघा की दोन, तेलासह की तेलाशिवाय, मध्येच सोडल्यास किती परत. ७ बैठका ६०० रुपयांप्रमाणे ४,२०० होतात. रोजची रिक्षा आणि बुडालेलं काम धरलं तर आकडा सहा-सात हजारांवर सहज जातो.

एकदम सगळे पैसे भरू नका. तीन बैठकांचे द्या, फरक पाहा, मग पुढचे. ‘आज भरलं तर निम्म्यात’ म्हणणारं केंद्र टाळा. आदल्या माणसाला वापरलेलं तेल तुम्हाला घालत नाहीत ना, हे विचारायला लाजू नका. वैद्यांचा नोंदणी क्रमांक फलकावर किंवा चिठ्ठीवर असला पाहिजे.

आरोग्य विमा असेल तर : आयुष उपचार विम्यात धरले जातात, पण बहुतेक पॉलिसींत भरती व्हावं लागतं. तासाभरात घरी जाण्याच्या जानुबस्तीचे पैसे परत मिळतील असं केंद्रवाल्याने सांगितलं, तर विमा कंपनीकडून आधी लेखी घ्या.

उपयोग होतो का?

वनौषधींच्या मलमांवरचे अभ्यास तपासून कॉक्रन संस्थेने २०१३ मध्ये आढावा काढला. त्यात सात अभ्यास होते आणि एकूण ७८५ रुग्ण. कॉम्फ्रे नावाच्या वनस्पतीच्या जेलने गुडघ्याचं दुखणं कमी होण्याची शक्यता दिसली. आर्निकाचं जेल हाताच्या सांध्यांवर आयबुप्रोफेनच्या जेलइतकं उपयोगी दिसलं. मिरचीच्या अर्काचं सौम्य जेल मात्र गुडघ्यावर चाललं नाही. कॉम्फ्रे आणि आर्निकाचे हे प्रयोग तीन आठवड्यांचे होते, म्हणून तुमचीही मुदत तीन आठवडेच धरा. पण आर्निका लिहिलेलं काहीही उचलू नका. आपल्याकडे मिळणारी बरीच आर्निका मलमं होमिओपॅथीची असतात. अभ्यासातल्या जेलचा निष्कर्ष त्यांना लागू होत नाही.

उलट, अमेरिकेतल्या आणि आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ संस्थांच्या २०१९ च्या शिफारशींत गुडघ्यासाठी डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक जेलला ठाम पाठिंबा आहे. ते जनऔषधी केंद्रात ब्रँडेडपेक्षा बरंच स्वस्त मिळतं. इथेही हिशेब करा : २ ग्रॅम, दिवसातून तीनदा, एक गुडघा म्हणजे ३० ग्रॅमची ट्यूब पाच दिवस. तेल आणि जेल एकाच वेळी चोळू नका. कशाने फरक पडला ते कळणार नाही.

फुकटातला उपाय सर्वांत परिणामकारक आहे : मांडीचे स्नायू घट्ट करणारे व्यायाम आणि वजन जास्त असेल तर ते कमी करणं. सिव्हिल-स्मीमेरच्या फिजिओथेरपी विभागात व्यायाम शिकवून घ्या. घरी साडीला लेस-टिकली लावायचं काम करत असाल तर जमिनीवर मांडी घालून बसू नका. खुर्ची आणि उंच पाट घ्या. नळाजवळ उकिडवं बसण्याऐवजी स्टूल ठेवा. दोन-तीनशेचं स्टूल अनेक बाटल्यांचं काम करतं.

इथे पैसे जातात

नळीवाले : बँकेत किंवा बाजारात लंगडणारा वृद्ध पाहून चांगल्या कपड्यातला माणूस जवळ येतो. ‘माझ्या वडिलांचा गुडघा एका वैद्याने बरा केला’ म्हणतो. मग ‘वैद्य’ घरी येतो, कातडीला बारीक चिरा पाडतो, धातूच्या नळीने ‘पू’ ओढतो आणि थेंबामागे पैसे लावतो. बिल हजारांत सुरू होतं, लाखांत संपतं. झिजलेल्या गुडघ्यात पू नसतो. असा माणूस घरात आला असेल तर ११२ वर फोन करा.

वजनाचा घोळ : वैद्य चिठ्ठी देतो, ठरावीक दुकानात पाठवतो. भाव ऐकताना वाटतं शंभर ग्रॅमचा, बिल होतं ग्रॅमप्रमाणे. कुटून झालेलं औषध परत घेत नाहीत. कुटण्याआधी एकूण रक्कम लिहून मागा.

सोसायटीतलं ‘मोफत शिबिर’ : तपासणी मोफत, अहवाल घाबरवणारा, तेल आणि यंत्र विकत. त्या दिवशी काहीही विकत घेऊ नका. अहवाल घेऊन सिव्हिल किंवा स्मीमेरला जा.

दोन दिवसांत जादू करणारी पुडी : सोबत ‘जडीबुटी’ची पुडी दिली आणि सूज लगेच उतरली, तर त्यात स्टेरॉइड मिसळलेलं असू शकतं. साखर वाढते, चेहरा सुजतो, हाडं ठिसूळ होतात. महिनोन्‌महिने घेतली असेल तर एकदम बंद न करता डॉक्टरांना पुडी दाखवा.

‘कायमचा बरा’ अशी जाहिरात : संधिवात बरा करण्याचा दावा करणाऱ्या जाहिरातीला १९५४ च्या औषध व जादूटोणा उपाय कायद्याने बंदी आहे. दावा छापलेला असेल तर फोटो काढून ठेवा.

पैसे गेले तर

पक्की पावती, बाटली आणि खोका जपा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करा. मराठीत बोलता येतं. खोट्या जाहिरातीची किंवा दुष्परिणामाची तक्रार आयुष मंत्रालयाच्या ‘आयुष सुरक्षा’ पोर्टलवर जाते. परवाना नसलेल्या औषधाची तक्रार गुजरातच्या एफडीसीएकडे, म्हणजे अन्न व औषध नियंत्रण विभागाकडे. ऑनलाइन पैसे भरून फसलात तर लगेच सायबर हेल्पलाइन १९३०. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या दाव्याला फी लागत नाही आणि वकीलही सक्तीचा नाही.

आता कॅलेंडरवर तारीख लिहा आणि एकच तेल सुरू करा. रोज जिना चढताना दुखणं दहापैकी किती, तेवढा एक आकडा बाजूला टिपा. एकविसाव्या दिवशी आकडा उतरलेला असेल तर तेच तेल चालू ठेवा, महागडं घेऊ नका. उतरला नसेल तर तिसरी बाटली आणू नका. तेच पैसे आणि तोच दिवस अस्थिरोगाच्या ओपीडीसाठी ठेवा.